‘तू कोना माणूस शे?’ : पक्षांतर्गत गटांविषयी एका तरुण कार्यकर्त्याला उत्तर

धुळे जिल्ह्यातील एका तालुक्यात काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्याने मला एक प्रश्न लिहून पाठवला आहे. त्याचा पक्ष मध्यममार्गी असला तरी कल डावीकडे आहे. जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर शेतमजूर, आदिवासी आणि कष्टकरी यांचा उल्लेख असतो. तो लिहितो, ‘तालुक्यात आमचे दोन गट आहेत आणि दोघांचाही जाहीरनामा एकच आहे. बैठकीत धोरणावर कोणी बोलत नाही. गावात गेलो की म्हातारी माणसे विचारतात, “तू कोना माणूस शे?” मी एखाद्या गटात जावे की अलिप्त राहावे? आणि ही गटबाजी कधी संपू शकते का?’

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. गट संपत नाहीत. तालुका चिटणीस, पुढे जिल्हा सरचिटणीस आणि अनेकदा परजिल्ह्यात निरीक्षक म्हणून पस्तीस वर्षे काढल्यावर मी हे सांगतो आहे, आणि ते हताशपणे सांगत नाही. जो पक्ष जमीनदाराला आणि सालदाराला, जिनिंगवाल्याला आणि कापूस वेचणारणीला एकाच व्यासपीठावर बसवू पाहतो, त्याच्या पोटात ‘किती डावीकडे जायचे’ हा वाद जन्मापासून असतो. प्रश्न आहे तो गटाचे नाते मताशी आहे की माणसाशी, आणि त्याचे बळ पक्षाच्या आत मोजण्याची काही सोय आहे की नाही, याचा. म्हाताऱ्यांनी तुम्हाला ‘तुझे मत काय’ असे न विचारता ‘तू कोणाचा माणूस’ असे विचारले, यातच तुमच्या तालुक्याचे निदान आहे.

याच खानदेशात वेगळा प्रकारही होऊन गेला आहे. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. आपल्याकडे त्याची आठवण नंदलाल बोस यांनी सजवलेल्या बांबूच्या नगरीसाठी आणि धनाजी नाना चौधरी यांच्या कष्टांसाठी काढली जाते, आणि ते योग्यच आहे. पण संघटनेच्या माणसाने तिथले राजकारणही पाहावे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात कार्यकारिणीतील सात सदस्यांनी नेहरूंच्या समाजवादी भाषणांना कंटाळून राजीनामे लिहून दिले होते, आणि त्यांत राजेंद्रप्रसाद, वल्लभभाई पटेल, राजाजी यांच्याबरोबर आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देवही होते. गांधीजींनी मध्ये पडून ते राजीनामे मागे घ्यायला लावले. पुढे अध्यक्षपदाच्या निवडीच्या वेळी वल्लभभाईंनी नेहरूंसाठी माघार घेतली, परंतु या माघारीचा अर्थ जवाहरलालांच्या सगळ्या मतांना आपली संमती आहे असा नव्हे, हे त्यांनी निवेदन काढून स्पष्ट केले. दुसऱ्या बाजूला १९३४ मध्ये स्थापन झालेला काँग्रेस समाजवादी पक्ष होता. त्याची कल्पना नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली होती, तो काँग्रेसच्या आत राहूनच काम करत होता, आणि त्याचा सभासद होण्यासाठी आधी काँग्रेसचे सभासद असावे लागे. म्हणजे गट होता, त्याला नाव होते, सभासदांची यादी होती आणि कार्यक्रमही होता. फैजपूरच्या अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम संमत केला तो या सगळ्या ओढाताणीतून. मनमाडहून शेतकरी पायी चालत आले होते, त्यांची ताकद आतल्या समाजवाद्यांच्या मागे उभी होती, आणि जुन्या मंडळींनाही काही देणे भाग पडले. अशा गटबाजीतून पक्षाचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. पक्षाला शेतकऱ्यापर्यंत नेणारी वाट तिच्यातून निघाली.

येथे एक सावधगिरी बाळगतो. जुने ते सगळे सोने होते, असे म्हणण्याचा मोह आमच्या पिढीला फार. १९३९ च्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस यांनी गांधीजींच्या पसंतीच्या पट्टाभी सीतारामय्यांचा दोनशेहून थोड्या अधिक मतांनी पराभव केला. मोजणी झाली, निकाल लागला आणि तो जुन्या नेतृत्वाला पचला नाही. मार्चमध्ये त्रिपुरीच्या अधिवेशनात गोविंद वल्लभ पंत यांचा ठराव आला, त्याने अध्यक्षाला गांधीजींच्या इच्छेनुसार कार्यकारिणी नेमण्याचे बंधन घातले, समाजवादी गट ऐन मतदानात तटस्थ राहिला आणि एप्रिलच्या अखेरीस बोस यांनी राजीनामा दिला. मोजणी करणे जितके आवश्यक, तितकेच मोजलेले मानणेही आवश्यक असते.

तरीही माझ्या मते निर्णायक वळण १९३९ चे नाही, १९४८ चे आहे. त्या वर्षाच्या आरंभी काँग्रेसने आपल्या घटनेत असा बदल केला की, स्वतंत्र घटना आणि शिस्त असलेला कोणताही गट पक्षाच्या आत राहू शकणार नाही. मार्चमध्ये नाशिकच्या परिषदेत समाजवाद्यांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्याच सुमारास महाराष्ट्रात केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांचे सहकारी शेतकरी कामगार पक्षाच्या रूपाने वेगळे झाले. नियमाचा हेतू शिस्त हा होता, आणि स्वातंत्र्यानंतरच्या त्या अस्थिर महिन्यांत तो समजण्यासारखाही होता. परंतु परिणाम कोणता झाला ते पाहा. मताच्या गटाला नाव असते, म्हणून त्याच्यावर बंदी घालता येते. माणसाच्या गटाला नाव नसते, नोंदवही नसते, ठराव नसतो. त्याच्यावर बंदी घालणार कशी? जो गट उघड होता तो गेला आणि जो झाकलेला होता तो राहिला. पुढे काँग्रेसमध्ये समाजवादी कृतीचा मंच उभा राहिला, चंद्रशेखर, मोहन धारिया यांच्यासारखे ‘तरुण तुर्क’ गाजले, पण तो मंचही १९७३ मध्ये गुंडाळण्यात आला.

बाहेर गेलेल्यांचे काय झाले, हे विचारणे रास्त आहे, कारण मताचे गट फार पवित्र असतात असा समज माझ्या उत्तरातून होऊ नये. समाजवादी १९५२ मध्ये कृपलानींच्या पक्षाशी एकत्र येऊन प्रजा समाजवादी झाले, १९५५ मध्ये लोहियांच्या नेतृत्वाखाली फुटले, १९६४ मध्ये पुन्हा जोडले गेले आणि १९६५ मध्ये पुन्हा तुटले. वाद बहुतेक वेळा खरेच मताचे होते: काँग्रेसशी सहकार्य करावे की नाही, त्रावणकोर-कोचीनमध्ये आपल्याच सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केल्यावर त्या सरकारने राजीनामा द्यावा की नाही. साने गुरुजींच्या संस्कारात वाढलेली अमळनेर-धुळ्याकडची कितीतरी घरे या फाटाफुटीत अर्धी इकडे, अर्धी तिकडे झाली. सत्ता जवळ नसली की मताच्या गटाला एकत्र ठेवणारे काही उरत नाही. (मध्यममार्गी पक्षांत न बसणारे एक उदाहरण केवळ आपल्या मातीतले म्हणून नोंदवतो. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. वाद वर्गाबरोबर जात मोजायची की नाही, हा होता. पक्ष लहानच राहिला, पण तो प्रश्न आज कोणत्याच डाव्या पक्षाला टाळता येत नाही.)

आता तुमच्या तालुक्यातील दोन गटांकडे येतो. हे गट पक्षाच्या कार्यालयात जन्मलेले नाहीत. त्यांचे मूळ १ मे १९६२ नंतर महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या, आणि त्यांच्या शेजारी वाढलेला सहकार यांत आहे. यशवंतराव चव्हाणांचे बेरजेचे राजकारण म्हणजे विरोधकालाही जागा देऊन आत घेणे. ते चालले, कारण द्यायला जागा होत्या. विकास सोसायटी, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती, दूध संघ, सूतगिरणी, साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि शिक्षण संस्था मिळून एका तालुक्यात शंभरावर लोकांना कुठे ना कुठे संचालक होता येते. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये काँग्रेस ही एक व्यवस्था असून तिचे गटच विरोधी पक्षाचे काम करतात, अशी मांडणी केली. मला ती मांडणी नेहमी अर्धी पटली. गट एकमेकांवर अंकुश ठेवत, हे खरे. पण तो अंकुश धोरणावर क्वचित चाले, बहुधा तो कर्जवाटपावर आणि शिक्षक-भरतीवर चाले.

जिल्हा बँकेची निवडणूक ज्याने जवळून पाहिली आहे त्याला ही यंत्रणा समजावून सांगावी लागत नाही. तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोसायटी मतदारसंघात सामान्य शेतकरी मत देत नाही. प्रत्येक सोसायटीचे संचालक मंडळ एका प्रतिनिधीच्या नावाने ठराव करते आणि तो प्रतिनिधी मतदार होतो. त्यामुळे खरी निवडणूक मतदानाच्या कितीतरी महिने आधी, ‘ठराव गोळा करण्या’च्या वेळीच होऊन जाते. ज्याच्याकडे ठराव जास्त, तो तालुक्याचा धनी. त्या पॅनलमध्ये आपल्या पक्षाचा एक गट आणि समोरच्या पक्षाचा एक गट सुखाने एकत्र बसतात, आणि त्याला ‘सर्वपक्षीय पॅनल’ असे सोज्वळ नाव मिळते. विधानसभेला हीच मंडळी एकमेकांविरुद्ध भाषणे करतात. मग आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला पाडण्याची वेळ आली तर ती कशी होते, तेही तुम्ही पाहिले असेलच: उघड बंड फार थोडे करतात. बूथवर प्रतिनिधी उशिरा पोहोचतो, शेवटच्या दोन रात्रींत गावोगाव ‘निरोप’ जातो, आणि निकालानंतर ‘आम्ही मनापासून काम केले’ असे सांगणारे सगळ्यांत पुढे असतात. मी जिल्ह्याचे काम पाहत असताना निकालानंतर नमुना २०, म्हणजे निवडणूक आयोगाचा अंतिम निकालपत्रक, त्यातील बूथवार आकडे घेऊन बसत असे. कोणत्या गावाने आधीच्या निवडणुकीपेक्षा किती कमी मते दिली, हे त्या एका कागदावरून कळे आणि गटाचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राही. पक्षाच्या आत गटाचे बळ मोजले जात नसल्यामुळे ते असे बाहेर, आपल्याच उमेदवाराच्या पराभवावर मोजले जाते.

आत मोजणी का होत नाही, याचे उत्तर अंतर्गत निवडणुकांच्या इतिहासात आहे. काँग्रेसमध्ये १९७२ नंतर जवळजवळ वीस वर्षे संघटनात्मक निवडणुका झाल्या नाहीत. १९९२ मध्ये तिरुपतीच्या अधिवेशनात कार्यकारिणीची निवडणूक झाली आणि अर्जुनसिंह, शरद पवार यांच्यासारखे नेते निवडून आले. त्यावर नरसिंह राव यांनी अनुसूचित जाती, जमाती आणि महिला यांपैकी कोणीच निवडून आले नाही, हे कारण पुढे करून निवडून आलेल्यांचे राजीनामे घेतले आणि नेमणुका केल्या. कारण अगदीच खोटे नव्हते. एकगठ्ठा मतदानात दुबळ्यांची जागा जाते, हा प्रश्न खराच आहे. पण त्यावर राखीव जागा हा उपाय होता. पुढे पक्षाध्यक्षपदासाठी झालेल्या मोजण्या एकतर्फी झाल्या. १९९७ मध्ये सीताराम केसरींना ६,२२४ मते मिळाली आणि शरद पवारांना ८८२, तर २००० मध्ये सोनिया गांधींना ७,४४८ आणि जितेंद्र प्रसादांना ९४. २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते पडली. हरलेल्याला हजारावर मते मिळाली आणि तो पक्षातच राहिला, ही मला त्या निवडणुकीतील सर्वांत महत्त्वाची बाब वाटते. तालुक्याच्या पातळीवर मात्र मी पाहिलेली पद्धत एकच: विश्रामगृहावर निरीक्षक येतो, दोन्ही गटांशी वेगवेगळ्या खोलीत बोलतो आणि मग ‘निवडीचे सर्व अधिकार श्रेष्ठींना देण्यात येत आहेत’ असा एका ओळीचा ठराव टाळ्यांत मंजूर होतो. असे ठराव मी स्वतः लिहून घेतलेले आहेत. दोष दुसऱ्यावर टाकत नाही.

ही गोष्ट केवळ नीतीची असती तर मी तिच्यावर इतका वेळ घालवला नसता. तिला कायद्याची बाजू आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदीत एक-तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होते. २००३ च्या घटनादुरुस्तीने ते काढले आणि दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी ठेवली. लहान गटाने फुटणे अवघड झाले, म्हणून मोठे गट अख्खा पक्षच आपला असल्याचा दावा करू लागले. हा दावा निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाच्या परिच्छेद १५ खाली तपासतो, आणि १९६९ च्या काँग्रेस फुटीवरील सादिक अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये संघटना व विधिमंडळ या दोन्हींतील बहुमताची कसोटी ग्राह्य धरली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला मिळाले, तेव्हा संघटनेतील बहुमतावर विसंबता येणार नाही, असे आयोगाने मानले आणि निर्णय विधिमंडळातील संख्येवर झाला. निकाल कोणाला आवडो वा न आवडो, संघटनेच्या माणसाने त्यातून एवढे वाचावे की, ज्या पक्षात तालुका-जिल्हा समित्या खऱ्या निवडणुकीने येत नाहीत, तिथे वाद पेटल्यावर हजारो कार्यकर्त्यांचे मत शून्य धरले जाते आणि काही डझन आमदार पक्षाचे मालक ठरतात.

परदेशात याची उत्तरे वेगवेगळी निघाली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षात डावा आणि उजवा हे गट उघडपणे नावानिशी चालतात, त्यांचे निमंत्रक असतात आणि पदांची वाटणी त्यांच्या बळानुसार होते. जर्मन सोशल डेमोक्रॅटांच्या संसदीय पक्षात झेहाइम मंडळ, संसदीय डावे आणि बर्लिन जाळे असे तीन गट लपवाछपवी न करता वावरतात. फ्रान्सच्या समाजवादी पक्षात अधिवेशनापूर्वी प्रत्येक प्रवाह आपले टिपण मांडे, सभासद त्यावर मत देत आणि त्या प्रमाणात समित्यांत जागा मिळत. परंतु १९९० च्या रेन अधिवेशनात फाबियूस आणि जॉस्पँ यांच्या गटांत अशी जुंपली की, टिपणे ही केवळ नेत्यांच्या नावांची झाकणे असल्याचे सगळ्या देशाने पाहिले. गटाला नाव दिले की तो मताचा होतो असे नाही; एवढेच की त्याला हिशेब द्यावा लागतो.

तेव्हा तुम्ही काय करावे? अलिप्त राहू नका. आपल्याकडे अलिप्त कार्यकर्त्याला दोन्ही गट सतरंजी उचलायला बोलावतात आणि यादी करताना विसरतात. जवळच्या गटात जा, पण एखाद्या प्रश्नाचे बोट धरून जा. तुमच्या भागात कापसाची खरेदी, केळीचा पीक विमा, वनहक्काचे दावे, तापीचे पाणी असे डझनभर प्रश्न आहेत. त्यांतला एक निवडा, त्यावर अर्ध्या पानाचा ठराव लिहा आणि तालुक्याच्या बैठकीत मांडा. पहिल्या वेळी तो ‘पुढील बैठकीत विचारार्थ’ जाईल. दुसऱ्या वेळी हात वर करून मत घ्यायला सांगा आणि आकडा इतिवृत्तात लिहायला लावा, मग ठरावाला तीनच मते पडोत. समोरच्या गटातले दोन हात तुमच्या ठरावाला उचलले गेले, तर माणसाच्या गटाची शिवण तिथे पहिल्यांदा उसवली असे समजा.

तिकिटाच्या बाबतीत माझा एक जुना दंडक आहे. ए-बी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, उमेदवाराच्या हातात पडेपर्यंत काय बोलायचे ते उघड बोला, त्यानंतर एकतर काम करा किंवा घरी बसत असल्याचे लेखी कळवा. २०२४ मध्ये धुळे लोकसभेला काँग्रेसने नाशिकच्या शोभा बच्छाव यांना उमेदवारी दिली तेव्हा स्थानिक पदाधिकाऱ्यांनी जाहीरपणे नाराजी दाखवली. शेवटी त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. एवढ्या काठावरच्या निवडणुकीत दहा-बारा गावांतला ‘निरोप’ निकाल फिरवू शकला असता. उघड बोललेली नाराजी समजूत घालून दूर करता येते. पोटातल्या नाराजीचा पत्ता मात्र मतमोजणीच्या दिवशीच लागतो. याउलट घराण्यांचे गट मोडतात तेव्हा काय होते ते शेजारच्या नंदुरबारमध्ये २०१४ साली दिसले: नऊ वेळा लोकसभेवर गेलेले माणिकराव गावित हरले, आणि त्यांना हरवणाऱ्या भाजपच्या हीना गावित यांचे वडील त्याआधी राष्ट्रवादी काँग्रेसचे मंत्री होते. मतदार तेच, कार्यकर्तेही बरेचसे तेच. झेंडा तेवढा बदलला.

राहिली सभासद नोंदणी. ती येईल तेव्हा दोन्ही गटांचे धनी पावतीपुस्तकांचे गठ्ठे आपल्या घरी नेतील, वर्गणी स्वतः भरतील आणि मतदारयादी समोर ठेवून नावे उतरवून काढतील. सभासदाला आपण सभासद असल्याचे कळणारही नाही. तुम्ही एकच पुस्तक मागून घ्या, स्वतःच्या सहीने. त्या पावत्या स्वतःच्या आणि शेजारच्या दोन गावांत घरी जाऊन फाडा, वर्गणी ज्याची त्याच्याकडूनच घ्या, आणि प्रत्येकाला त्या ठरावाचा कागद वाचून दाखवा. पुस्तक परत करताना त्यातील स्थळप्रतींची छायाप्रत काढून ठेवा. पुढे कधी तालुकाध्यक्षपदाची निवडणूक खरोखर झालीच, तर यादीतून पहिली नावे गळतात ती अशाच सभासदांची.